एकच धडा, तीन वर्ग आणि भाताचा कोपरा

मार्थाबाईंवर अन्याय झाला तो आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, दुसरं गीत संपून माणसं खाली बसत असताना. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे. अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये पुढून एक कागद वाचण्यात आला. चर्चच्या मालकीच्या शेतातलं उभं भात चोरून कापल्याबद्दल मार्था, विधवा, शेतमजूर, हिला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवण्यात येत आहे. नाताळाच्या आत तिने चोरीच्या कबुलीवर अंगठा दिला नाही तर तिचं नाव सभासदांच्या वहीतून काढलं जाईल. वहीत नाव नाही त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नाही. तिचा नवरा तिथे आहे, आणि त्याच्या शेजारची जागा तिने आपल्यासाठी चार दगड लावून राखली आहे.

भात तिने कापलं होतं. हे मी लपवत नाही. चोरी केली नव्हती. या दोन वाक्यांच्या मध्ये काय आहे ते सांगण्यासाठी हा मजकूर आहे.

मी तिकडे या कामाला गेलो नव्हतो. आमच्या घरात छप्पन साली दीक्षा झाली, तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. धम्म मिळाला, ग्रंथ मिळाला. तो वाचायचा कसा हे कोणी शिकवलं नाही. बेळगावला आमच्या मंडळात दर रविवारी एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, मग चहा. पाली कोणालाच येत नाही. प्रश्न विचारला तर श्रद्धा कमी आहे असं ऐकावं लागतं. शेवटी ठराव झाला, की ख्रिस्ती लोक इब्री भाषेतलं जुनं शास्त्र अभ्यासतात, ती भाषा काही त्यांच्या आजीची नव्हे, तर ते कसं करतात हे कोणीतरी आठवडाभर बघून यावं. पत्रकं लिहितो म्हणून मला पाठवलं. पत्रकं लिहिणाऱ्याला ऐकायची सवय नसते, हे मंडळाच्या लक्षात आलं नसावं.

धारवाड, सोमवार

शमुवेल अण्णा हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर. आठवड्यातून जुन्या शास्त्राचे तीन वर्ग घेतात: सोमवारी धारवाडला स्वतःच्या घरी, बुधवारी हुबळीला, शनिवारी अळणावरच्या बाजूला. धडा तिन्हीकडे एकच. मी तिन्हीकडे त्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं.

दारातच त्यांच्या पत्नी लियाकाकूंनी चौकशी केली. "बुद्धाच्या घरचे तुम्ही? मटण चालतं का?"

"चालतं."

"मग बरं झालं. आज वांगंच केलंय."

भरलं वांगं, कडक जोंधळ्याची रोटी आणि शेंगदाण्याची चटणी. ती रोटी आमच्याकडच्या भाकरीसारखी मोडत नाही, कडाडते. पहिल्या घासाला माझी हिरडी कापली. काकू म्हणाल्या, "वांग्याच्या रश्शात बुडवायची की हो, सुपारी असल्यासारखी काय चावताय?"

वर्गाला सहाजण होते, सगळे नोकरीवाले, एक नर्स. भिंतीवर कापडावर छापलेला पॅलेस्टाइनचा नकाशा, खाली पाट मांडलेले. अण्णांची पद्धत तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत इब्री मजकूर उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचायचा, अर्थ कोणी काढायचा नाही. दुसऱ्या फेरीत एवढंच: ज्यांना हे पहिल्यांदा सांगितलं त्या शेतकऱ्या-धनगरांना यातून काय कळलं असेल? ख्रिस्त तिसऱ्या फेरीत. त्याने या वचनाचं काय केलं, आणि म्हणून आपण काय करायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत जो ख्रिस्ताचं नाव काढेल त्याने वर्गाचे कप धुवायचे.

मला हे विचित्र वाटलं. ख्रिस्ती वर्ग, आणि ख्रिस्तालाच बाहेर बसवायचं? अण्णा म्हणाले, "आधीच आत घेतलं की प्रत्येक ओळीत तोच दिसायला लागतो. मग ओळ वाचायची गरजच राहात नाही. तो पाहुणा नाही, घरचा आहे. थांबेल की थोडा वेळ."

त्या आठवड्याचा धडा होता मोशेच्या नियमशास्त्रातला. एका माणसाच्या सांगण्यावरून कोणालाही दोषी धरायचं नाही. दोन किंवा तीन साक्षीदार पाहिजेत. 'श्नेई एदीम', दोन साक्षीदार, असं सगळ्यांनी तीनदा म्हटलं. दुसऱ्या फेरीत चर्चा लागली ती हा नियम कोणत्या शतकात लिहिला गेला यावर. बँकेतले एक गृहस्थ आणि नर्सबाई दोन शतकांच्या फरकावर अर्धा तास भांडले. मला राहवेना.

"शतक जाऊ द्या. हा नियम कोणाला वाचवायला केला? ज्याच्यावर कोणीही बोट दाखवू शकतं त्यालाच ना? म्हणजे आमच्यासारख्यांना."

अण्णांनी खडू खाली ठेवला. "तुम्ही कप धुवा."

"मी ख्रिस्ताचं नाव कुठे घेतलं?"

"प्रत्येकाचा एक असतो. तुमचाही तिसऱ्या फेरीत आणा."

सगळे हसले. मी आठ कप धुतले. मात्र त्या वर्गात तिसऱ्या फेरीला वेळच उरला नाही. शतकं पुरली.

हुबळी, बुधवार

दुसरा वर्ग कमरीपेठेत, इसाक पत्रेवाल्यांच्या दुकानात. ट्रंका, बादल्या, धान्याच्या कोठ्या. फळा म्हणजे उभा केलेला जस्ती पत्रा, त्यावर खडू. वर्ग संपला की तोच पत्रा कापून विकला जातो. एकदा पुसायचं राहिलं आणि दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्याकडे गेलेल्या ट्रंकेच्या आत झाकणाला इब्री अक्षरं निघाली. तो धावत आला. कोणी करणी केली म्हणून नव्हे, तर लक्ष्मीचं यंत्र असेल तर दुसऱ्या ट्रंकेतही काढून द्या म्हणून. "दिलं का मग?" मी विचारलं. "दिलं की," इसाक म्हणाले. "दुष्काळाचा अध्याय होता, पण त्याला काय कळतंय."

इथे उजवीकडून वाचण्याचं कोणाला नवल नाही. गल्लीत निम्म्या पाट्या उर्दूत आहेत. सातजण होते, सगळे हाताने काम करणारे, आणि दुसरी फेरी धारवाडपेक्षा निराळी निघाली. शतकाचं नाव कोणी काढलं नाही. दोन साक्षीदार विकत घ्यायला किती सोपं असतं यावर मात्र प्रत्येकाकडे एकेक हकिगत होती. शिंप्याने ठामपणे सांगितलं, की एक खरा साक्षीदार दोन खोट्यांपेक्षा महाग पडतो. आमच्या मंडळात वाचताना कोणी आपली हकिगत सांगितल्याचं मला आठवत नाही. ग्रंथ वर, हकिगती खाली, अशी आमच्याकडे वेगवेगळी मांडणी आहे.

वर्ग सुटल्यावर इसाक मला मिरची-गिरमिट खायला घेऊन गेले. गिरमिट म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे. इकडे त्यावर भजी अशी मोडतात की चुरमुरे शोधावे लागतात. तिथे ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला धडा पटला का नाही?"

"नियम चांगला आहे."

"नियमाचं नव्हे. आम्ही अजून दहा आज्ञांवर होतो. अण्णांनी मधले सगळे अध्याय उडवले. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"का?"

"माझ्या बायकोची थोरली बहीण. मार्थाक्का."

तेव्हा मला ती गोष्ट कळली. मार्थाबाई अण्णांच्या शनिवारच्या वर्गाला येतात. पावसाळ्यात वर्गात एका नियमाचा धडा झाला होता: शेत कापताना कोपरे कापू नका, पडलेली कणसं परत वेचू नका, तो सरवा आणि ते कोपरे गरिबाचे, विधवेचे, परक्याचे. डिसेंबरात चर्चचं भात कापायला रोजंदारीवर मार्थाबाई गेल्या. शेवटच्या संध्याकाळी बांधाजवळचा एक कोपरा उभा राहिला होता. तो त्यांनी कापून पदरात बांधला. शेतावर देखरेख करणारे दानिएलप्पा यांनी पाहिलं, गाठोडं काढून घेतलं, विळा घेतला. दुसरं कोणी तिथे नव्हतं.

"म्हणजे साक्षीदार एकच," मी म्हणालो.

"हौद्री, तेच की," इसाक म्हणाले. "अण्णा तेवढ्यावर आहेत."

मी गिरमिट तसंच ठेवलं. ज्या माणसाला हे ठाऊक आहे, तो एक ओळ न बोलता तीन गावांना धडा देत फिरतो! आमच्याकडे याला भित्रेपणा म्हणतात. मी त्याच दुपारी दुकानात बसून पत्रक लिहिलं. मथळा: 'एका डोळ्याच्या साक्षीवर विधवेला चोर ठरवणारे कोण?' जुन्या हुबळीत एका ओळखीच्याकडे स्टेन्सिल कापून दोनशे प्रती काढल्या. शाई जास्त झाली. माझ्या शर्टावर ती अजून आहे.

अळणावरच्या बाजूला, शनिवार

इथे कोरडवाहू काळं रान संपतं. भाताची खाचरं, मागे जंगल, हवेत ओल्या पेंढ्याचा वास. वर्ग दानिएलप्पांच्याच ओसरीत. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दानिएलप्पा साठीचे, काटक, अंगात धुतलेला सदरा. त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं, तांदळाची भाकरी आणि कुळथाची आमटी वाढली, बेळगावात पाऊस कसा झाला ते विचारलं. ज्याच्यावर पत्रक लिहिलंय त्याच्या घरचं जेवण घशाखाली उतरतं का? उतरतं. आमटी चांगली होती.

मार्थाबाई मात्र ओसरीवर चढल्या नाहीत. अंगणात, पायरीच्या खाली बसल्या. शिक्षा असल्याने वर बसायचं की नाही हे कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मी जाऊन पिशवीतलं पत्रक दाखवलं, वाचूनही दाखवलं.

"माझं नाव घातलंस?"

"तुमच्यासाठीच आहे."

"मग मला विचारायचं की आधी. उद्या म्हणतील, बुद्धवाल्यांनी लिहून दिलं, ही बाई वाजवायला लागली. ठेव ते पिशवीत." आणि माझ्या शर्टाकडे बघून, "शाई पुस की अंगावरची. पोळा झालाय नुसता."

पिशवी मी बंद केली. वर्गात चौदा-पंधराजण होते. वाचता येणारे चार. बाकीच्यांना इब्री ओळी पाठ. पहिल्या फेरीत अण्णा अर्धी ओळ म्हणत आणि उरलेली खालून, पायरीपासून, मार्थाबाईंच्या आवाजात पुरी होई. एक अक्षर त्यांना वाचता येत नाही. धारवाडच्या बँकवाल्यांपेक्षा त्यांचे उच्चार स्वच्छ होते.

दुसरी फेरी लागली. अण्णांनी विचारलं, "एक साक्षीदार का पुरत नाही?" आणि दानिएलप्पांकडे न बघता नकाशाकडे बघायला लागले. इथे नकाशा नव्हता. भिंतीकडे.

दानिएलप्पांना कळलं. ते वर्गातले सगळ्यात हुशार, हे मला इसाकनी सांगितलं होतं. ते म्हणाले, "अण्णा, सरळ बोला की. मी एकट्याने बघितलं, म्हणून ते धरू नका, असंच ना? पण मी खोटं सांगितलं का?"

मी मनात म्हटलं, झालं, आता सुटली बाई.

खालून आवाज आला. "अप्पांनी खोटं सांगितलं नाही. म्या कापलं."

अण्णा घाईने म्हणाले, "मार्थाक्का, तुम्ही थांबा. नियम असा आहे—"

"नियम ठावं हाय मला. एकच साक्षीदार, म्हणून सोडा. मग मी कोण? सापडली नाही ती चोर. तसलं सुटणं नको. दुसरा साक्षीदार मी हाय. आता दोन झाले. आता कोपऱ्याचं बोला."

माझ्या पिशवीतल्या दोनशे कागदांचा आधार एका दमात गेला. अण्णांचा तीन गावांचा धडाही गेला. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

दानिएलप्पा पुढे सरकले. "कोपऱ्याचंच बोलतो. पुढे एका अध्यायात एक नियम आहे, आपण अजून तिथे आलो नाही, मी वाचलाय. शेजाऱ्याच्या शेतातून जाताना भूक लागली तर कणसं हाताने मोडून खा, पण त्याच्या उभ्या पिकाला विळा लावू नको. तुम्ही विळा लावला."

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि तो मला माहीत नव्हता याचा रागही आला. मार्थाबाई विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "ते वाटसरूचं. तो चालता चालता खातो, पुढं जातो. कोपरा वाटसरूचा नव्हं, गावातल्या गरिबाचा. मालकानं कोपरा कापायचाच नाही म्हटल्यावर तो उभाच राहणार. उभं भात हातानं उपटायचं का अप्पा? विळ्याबिगर कसं आणणार घरी?"

ओसरीवर कोणीतरी "बरोब्बर" म्हणालं. दानिएलप्पा लाल झाले. "पण आम्ही कोपरा सोडलाच नव्हता! अंधार पडला म्हणून कापायचा राहिला. सकाळी कापणार होतो."

"तेच म्हणते मी. सोडायला पाहिजे होता."

आता अण्णाही मान वर करून ऐकत होते. दानिएलप्पांनी शेवटचं शस्त्र काढलं. "हे सगळं इस्राएलाला होतं. ख्रिस्ताने नियमशास्त्र पूर्ण केलं, आपण कृपेखाली—"

"दुसरी फेरी चालू हाय, अप्पा," मार्थाबाई म्हणाल्या. "कप तुमच्याकडं."

हसू असं फुटलं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उभी राहिली. दानिएलप्पाही हसले, न हसून करतात काय.

मग सगळे शेतावर गेलो. ऊन अजून होतं. भाताची धसकटं जमिनीसरशी कापलेली, सगळीकडे सारखी. एका बांधाच्या कोनात तेवढी उंच. मार्थाबाईंनी फक्त लोंब्या घेतल्या होत्या, पेंढा गुरांना ठेवला होता. सगळा मिळून अंथरलेल्या एका लुगड्याएवढा तुकडा. पलीकडच्या बांधावरचा एक हिंदू शेतकरी गर्दी बघून आला. मी त्याला विचारलं, तुमच्यात सरवा वेचू देतात का?

"सरवा अडवतंय कोण? वेचतात की बाया. पण उभं कापलं तर मीबी अडवेन." मग त्या तुकड्याकडे बघून म्हणाला, "एवढ्यासाठी मात्र चावडी भरवणार नाही."

तिसरी फेरी अण्णांनी तिथेच, बांधावर घेतली. आधी मार्थाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ही फेरी अप्पांनी बोलायची."

दानिएलप्पा धसकटांपाशी उकिडवे बसले. "प्रभूचे शिष्य असेच एकाच्या शेतातून चालले होते," ते म्हणाले. "कणसं मोडली. लोकांनी दोष दिला, आज विश्रामवार आहे, काम बंद, म्हणून. चोर कोणी म्हटलं नाही. आणि प्रभूने त्यांची बाजू घेताना पहिली गोष्ट सांगितली ती भुकेची." त्यांनी एक धसकट उपटलं. "मी ते विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?" अण्णा.

"घरात तांदूळ आहे का, ते."

"होता," मार्थाबाई म्हणाल्या. "दोन दिसांचा."

परत येताना त्या माझ्या शेजारून चालत होत्या. न विचारता म्हणाल्या, "आता लिही. पण 'बिचारी' लिहू नको. कापलं म्हणून लिही."

रविवार

मी मागच्या बाकावर बसलो. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मार्थाबाई दाराच्या बाहेर, चपलांपाशी. दुसरं गीत संपलं आणि दानिएलप्पा कोणी न सांगता उभे राहिले. म्हणाले, "मागच्या रविवारी माझ्या सांगण्यावरून चोरी म्हणून वाचलं. मी बघितलं ते खरं होतं. मी त्याला नाव दिलं ते चुकलं. तो कोपरा होता. शब्द मागं घ्यावा." आणि बसले.

पाळकांनी चष्मा काढला, पुसला. चर्चच्या समितीचे पाचजण पुढच्या बाकावर होते, कोणी मागे वळून बघितलं नाही. पाळक म्हणाले, ही बाब नाताळाच्या धामधुमीनंतर समितीपुढे ठेवण्यात येईल. पुढचं गीत.

नाताळानंतर! आणि अंगठ्याची मुदत नाताळाच्या आत. म्हणजे आधी नाव काढायचं, मग नाव काढावं का यावर विचार करायचा.

बाहेर मी अण्णांना गाठलं. "तुम्ही का नाही उठलात?"

"मी इथला सभासद नाही. पाहुणा आहे."

"वीस वर्षं दर शनिवारी?"

चपला घालायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं, चर्चच्या कट्ट्यावर ठेवून समितीच्या नावाने दोन ओळी लिहिल्या, खाली पूर्ण नाव घातलं आणि माझ्यासमोर टपालपेटीत टाकलं. वीस वर्षं त्यांनी ख्रिस्ताला तिसऱ्या फेरीपर्यंत थांबवलं होतं, स्वतःही तिथपर्यंत पोचायला तेवढीच वर्षं लागली. मला त्यांचा राग यायचा थांबला नाही. पण अभ्यास कसा करायचा हे शिकायला आमच्या मंडळाने मला पाठवलं होतं, आणि ते मी त्यांच्याकडूनच शिकलो, हेही लिहिलं पाहिजे. पुढच्या रविवारपासून आमच्याकडे हात जोडून ऐकणं बंद. तीन फेऱ्या. कोणाला श्रद्धा कमी पडेल असं वाटत असेल त्याने कप धुवावेत.

मार्थाबाईंनी अंगठा दिलेला नाही. देणार नाहीत. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा नाताळाला आठवडा राहिला असेल.

समितीचा पत्ता आमच्या मंडळात मिळेल. तुम्ही ख्रिस्ती असा, बौद्ध असा, नाहीतर कोणीच नसा. आज एक पोस्टकार्ड घ्या. शिव्या लिहू नका, दया मागू नका. एवढंच लिहा: चोर हा शब्द ज्या जागेवरून, ज्या माणसांसमोर वाचला, तिथूनच, त्यांच्यासमोरच, नाताळाच्या आत मागे घ्या. खाली आपलं पूर्ण नाव घाला. निनावी कार्ड पाठवणार असाल तर पाठवू नका. आणि उद्या टाकतो म्हणू नका. पेटी संध्याकाळी पाचला उघडतात. त्याच्या आधी टाका.